लाखोळीचं दुसरं नाव

१८ डिसेंबर २००५, नागभीड

आज दुपारी चार वाजता मला मांजराच्या मुताचा वास घ्यायला लावण्यात आला, आणि वर "छान आहे ना, सर?" असं विचारण्यात आलं.

हे इथेच लिहून ठेवतो, कारण पेपरात लिहिता येणार नाही. पेपरात मी 'नागभीड (वार्ताहर)' असतो, आणि कंसातल्या माणसाला नाक नसतं.

झालं ते असं. तळोधी रस्त्यावरच्या तलावाकाठी अमरनं रिसॉर्ट बांधलं आहे. अमर मूळचा नागपूरचा, ठेकेदार. आठ झोपड्या, सिमेंटच्या, वरून बांबूचा रंग. वाघ बघायला जाणाऱ्यांनी वाटेत इथे थांबावं अशी त्याची इच्छा. वाघाची कोणी विचारलेली नाही. त्यानं पुण्याहून एका वाइन कंपनीच्या बाई बोलावल्या आहेत. भाग्यश्री नाव, वय तिशीच्या आत, आवाज लख्ख. त्यांनी एक पांढरी वाइन पेल्यात ओतली, पेला गरगर फिरवला आणि माझ्या नाकाखाली धरला.

"ही हिरव्या अंगाची वाइन, सर. कापलेलं गवत, कच्ची ढोबळी मिरची, ओल्या शेंगांची टरफलं. आणि अगदी मागे, किंचित, मांजराचं… तेही चांगलं लक्षण मानतात."

"कोण मानतं?"

"जाणकार."

"मांजरं सोडून?"

त्या मोकळ्या हसल्या. मग गंभीरपणे म्हणाल्या की हिच्यासोबत हिरवंच खायचं. कोवळा पाला, शेंगा, कोथिंबीर, लिंबू. तिखट-तेलाच्या रश्शापुढे ही वाइन मरते, हिरव्यापुढे फुलते.

मी एक घोट घेतला. काव्यशास्त्रात बीभत्स हा रस आहे आणि जुगुप्सा त्याचा स्थायीभाव. पंधरा वर्षं मी हे मुलांना नुसतं पाठ करायला लावलं, शाळेनं संस्कृत बंद करेपर्यंत. अनुभव आज आला. गंमत अशी की तो वास कुठेतरी आधी घेतल्यासारखा वाटला. कुठे, ते आठवेना. पाठशाळेमागच्या गल्लीत असेल.

माझं काम : इथल्या हिरव्या भाज्या सुचवायच्या आणि मेजावर ठेवायचं कार्ड मराठीत लिहून द्यायचं. सात जानेवारीला नागपूरचे बारा पाहुणे येणार. पर्यटक कुठे पाठवायचे हे ज्यांच्या हातात असतं, असे.

घरी वच्छलानं दारातच विचारलं, "तोंडाले कसला वास येऊन राह्यला?"

"कर्तव्याचा."

"मग कर्तव्यानं चूळ भरून घरात यावं."

२० डिसेंबर

अमरच्या आचाऱ्यानं हिरवं म्हणून पालक-पनीर केलं. वर सायीचं कमळ. भाग्यश्रीबाईंनी वाइनसोबत एक घास घेतला आणि रुमालात काढला. इतक्या सभ्यपणे थुंकणारी बाई मी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, कुंताला बोलवा.

कुंता म्हणजे मनसारामची बायको. मनसाराम मच्छीमार सोसायटीतर्फे याच तलावात मासे धरतो, कुंता बसस्टँडवर भाजीच्या जुड्या घेऊन बसते. हात असा की शाळेत खिचडी शिजवायची तेव्हा मास्तरही रांगेत उभे राहत. संक्रांत झाली की नवराबायको टेम्पोत बसून आंध्रात मिरची तोडायला जातात ते थेट एप्रिलात परततात. पोरगी आचल सोबत जाते, कारण मागे ठेवायला कोणी नाही. ती यंदा दहावीला आहे.

अमरनं सांगितलं, पंगत जमली तर बारा महिने किचन कुंताचं.

कुंतानं पदरानं हात पुसले. पुसण्यासारखं काही हाताला नव्हतं. "आठवीची परीक्षा हुकली, नववीची हुकली. दोन्ही डाव सरांनी ढकलली पोरगी," ती मला म्हणाली. "दहावीले कोन ढकलते, गुरुजी? मले यंदा मिरचीले जायाचं नाई."

२४ डिसेंबर

तालीम. भाग्यश्रीबाई चमचा हातात घेऊन परीक्षकासारख्या बसल्या होत्या. सांबारवडी पास झाली. मात्र विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीचा सखा नव्हे, हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. ओल्या हरभऱ्याचे सोले पास. धोप्याची, म्हणजे अळूची, पानं नापास, घसा खवखवला. तलावातली मासळी सांबार नि हिरव्या मिरचीच्या वाटणात, ती विशेष गुणवत्तेत.

"अजून एक हवं," बाई म्हणाल्या. "अगदी कोवळं, गवताळ. जे खाल्लं की ही वाइन प्यायलीच पाहिजे असं वाटेल."

कुंता म्हणाली, "मले तो गिलास हुंगू द्या बरं."

तिनं हुंगला. डोळे मिटून पुन्हा हुंगला.

"बाई, हे तं लाखोळीच्या बांधीतून चालल्यावानी वास येते. सकाळी, दव पडल्यावर."

आणि गेली की. रस्त्यापलीकडच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, ओंजळभर शेंडे खुडून आणले. तिथे धान कापल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर लाखोळी उभी असते, लाखेच्या डाळीचं पीक, निळ्या फुलांचं. शेंडे बारीक चिरले, लसूण-मिरचीवर परतले, वर तांदळाची कणी. भाग्यश्रीबाईंनी घास घेतला, मग घोट, मग पुन्हा घास.

"हेच," म्हणाल्या. "मी सहा वर्षं हे काम करते. इतकं चपखल मला कुठे सापडलं नाही."

मी खाल्ली नाही. ॲसिडिटी सांगितली. लाखोळी शिजताना तो वास आला की माझ्या घशाशी येतं, लहानपणापासून. यात विशेष काही नाही. वच्छलाला वांगं चालत नाही. आणि त्या वाइनला लाखोळीचा वास येतो म्हणे. कुंताला सगळ्याच हिरव्याला लाखोळीचा वास येत असेल.

२ जानेवारी २००६

कार्ड लिहायला बसलो. वडी, सोले, मासळी लिहून झाली. लाखोळीपाशी पेन अडलं.

कुंता कांदे निवडत होती. "लाखोळी लिवा ना," म्हणाली. "त्यात का अडलं?"

"कुंताबाई, कार्डावर लाखोळी शोभत नाही."

"खाताना शोभली."

तिला काय सांगणार. नागपूरच्या माणसाला लाखोळी म्हटलं की डाळीत होणारी भेसळ आठवते, विक्रीवरची बंदी आठवते, आणि पाय वाकडे झालेली माणसं आठवतात. दाण्याचा तो दोष आहे, वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. पांगळेपणाला कलायखंज असं भारदस्त नाव दिलेलं आहे. पण तो महिनोन्महिने दुसरं काही न मिळालेल्यांच्या वाट्याला येतो. चार घास पाल्यानं कोणाचं काय होतं? अर्धा तालुका हिवाळाभर ही भाजी खातो आणि त्याच पायांनी मोर्चाला येतो.

तेव्हा कुंताच्याच भल्यासाठी मी लिहिलं : त्रिपुट-पल्लव.

नाव खरं आहे. लाखोळीचं संस्कृत नाव त्रिपुट, आणि पल्लव म्हणजे कोवळी पालवी. खोटं काहीच नाही. अमर नागपूरच्या डांबरावर वाढलेला, त्याला लाखोळी आणि लुसलुशीत गवत एकच. तो नावावर खूश. भाग्यश्रीबाईंनी विचारलं, "म्हणजे नक्की काय, सर? कुंताबाईंची बोली मला नीट कळली नव्हती. इथे काय म्हणतात याला?"

"एक प्राचीन शाक आहे," मी म्हणालो. त्यांनी वहीत 'प्राचीन' लिहून घेतलं.

अक्षर बरं आलं आहे. बाबा असते तर खूश झाले असते. त्यांना संस्कृत नावांचं फार. शेवटी ते काठीवर चालायचे, वातामुळे. पण अक्षर शेवटपर्यंत मोत्यासारखं.

७ जानेवारी

पंगत झाली. संध्याकाळी साडेपाचला बारा पाहुणे तलावाकडे तोंड करून बसले आणि पेल्यांत नाकं घातली. तोंडात घोट खळखळवायचा आणि थुंकायचा, हे शास्त्र. थुंकायला अमरनं पितळी गडवे आणले होते, पूजेच्या दुकानातून. बारा सुखवस्तू माणसं तलावावरचा सूर्यास्त बघत गडव्यांत थुंकताहेत, हे दृश्य कुठल्याच रसात बसेना. बीभत्साचीही काही पातळी असते. वैनगंगेपलीकडे, आरमोरीला, दारूबंदी आहे. हीच बाटली तिकडे नेली तर हवालदार पकडतो. अलीकडे तिला निसर्गानुभव म्हणतात.

पण जमली. सांबारवडीला माना डोलल्या, मासळीला बोटं चाटली गेली. त्रिपुट-पल्लव आलं आणि वाट्या रिकाम्या झाल्या. एका बाईनं तिसऱ्यांदा मागितलं. नागपूरचे एक हाडांचे डॉक्टर होते, हौसेनं जंगलसहली नेणारे, ते कार्ड डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "त्रिपुट म्हणजे कोणती वनस्पती, गुरुजी?"

मी उभा राहिलो आणि पाच मिनिटं बोललो. आश्रम आले, ऋषिपत्न्या आल्या, दवबिंदू आले. वनस्पतीचं नाव तेवढं आलं नाही. टाळ्या पडल्या.

अमरनं कुंताला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "उद्यापासून किचन तुमचं, कुंताबाई."

तिनं हात जोडले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आचलले सांगून येते. ते झोपाची नाई आज." आणि तलावाच्या पाळीवरून जवळजवळ पळतच गेली.

मलाही बरं वाटलं. दोन गडवे पायाला लागून सांडले, तरीही.

१० जानेवारी

अमरच्या ऑफिसात. अमर, भाग्यश्रीबाई, कुंता, मी.

डॉक्टरांनी घरी जाऊन वैद्य मित्राला विचारलं होतं. आज त्यांचा फोन आला. विषारी म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की खाऊ घातलेल्या गोष्टीचं नाव लपवणाऱ्या ठिकाणी मी कोणाला पाठवणार नाही.

"लाखोळी होती ते?" अमरनं कुंताला विचारलं.

"हो. लाखोळीच. मंग?"

"मंग? माझ्या गेस्टले लंगडं करून धाडायचं होतं का? सांगितलं काऊन नाही?"

कुंतानं माझ्याकडे पाहिलं. वाट पाहत होती.

अमरही माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "त्रिपुट या नावाखाली ग्रंथांत दोन-तीन वनस्पती येतात. आता कुंताबाईंनी त्यातली कोणती आणली…"

वाक्य मी पुरं केलं नाही. अपुरं वाक्य खोटं नसतं, असं परतताना सायकलवर स्वतःला सांगत आलो. बैलांच्या शंकरपटाच्या मैदानापर्यंत ते पटलंही.

कुंतानं विचारलं नाही, भांडली नाही. किचनमधून तिचा घरून आणलेला लोखंडी तवा घेतला, काखेत धरला आणि गेली. दोन दिवसांचं किचन.

फाटकापाशी भाग्यश्रीबाई एवढंच म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला नाव विचारलं होतं."

मला वाइनचा, अमरचा, गडव्यांचा आणि एकूणच हिरव्या रंगाचा उबग आला आहे.

११ जानेवारी

विशेष काही नाही. चूळ चारदा भरली.

१६ जानेवारी

वच्छला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज बोलली : "संक्रांतीचा तिळगूळ देऊन या कुंताले. गोड बोलायचं ते तुमचं तुम्ही पाहा."

गेलो. अंगणात बोचकी बांधणं चालू होतं. टेम्पो बावीसला. आचल पायरीवर भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. मला पाहून आत गेली. मनसारामनं जाळं विणता विणता खाट दाखवली. कुंतानं चहा दिला.

"तुमी काऊन बोलले नाई, गुरुजी?"

मी म्हणालो की प्रसंग असा अचानक आला, अमरचा पारा चढलेला होता, मला वाटलं तुमच्यावर उलट…

"मले राग नाई आला," ती म्हणाली. "अमरभाऊले का समजते लाखोळीतलं. तुमाले समजते. चहा देईन तुमाले कधीबी. पन माह्या घरची भाजी खाल का म्हनून नाई विचारनार आता. लाज वाटते तुमाले तिची."

"तसं नाही, कुंताबाई."

"तसंच हाय. आमी लाखोळी खाल्ली तं लाखोळीच म्हनली, जी. कोनाले तूर म्हनून नाई सांगतली."

मनसारामनं जाळ्यावरून मान वर केली. "गुरुजी, चहा सांडून राह्यला."

खरंच सांडला होता. धोतरावर.

तिला काही ठाऊक असणं शक्य नाही. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

१७ जानेवारी

लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

आरमोरीला असताना, मी अकरा वर्षांचा. पाऊस लागोपाठ दोन वर्षं दगा देऊन गेला होता. बाबांची भिक्षुकी, लोकांकडेच नाही तर आमच्याकडे कुठून. नऊ महिने घरात लाखोळी होती. तिची भाजी, तिची डाळ, तिच्याच पिठाची भाकर. आई चुलीशी बसायची आणि मला दाराशी बसवायची. कोणी आलं, काय शिजतंय विचारलं, तर सांगायचं : तूर. पावलं वाजली की आई आधी झाकण ठेवायची, मग "या" म्हणायची. झाकणाखाली तो वास कोंडायचा आणि माझ्याच अंगावर यायचा.

पावसाळ्यात बाबांचे पाय आखडले. गुडघे एकमेकांवर घासत चालायचे. वैद्यानं नाव सांगितलं, कलायखंज; बाबांनी ते संस्कृतात नीट ऐकून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, वात आहे. आम्हीही तेच सांगत आलो. वच्छलालाही मी तेच सांगितलं आहे, सत्तावीस वर्षांपूर्वी.

२० जानेवारी

अमरकडे जाऊन म्हणालो, "मला माहीत होतं. कुंता लाखोळी लिहा म्हणाली होती. नाव मी बदललं."

तो नव्या आचाऱ्याला पनीर कुठे ठेवायचं ते दाखवत होता. "जाऊ द्या ना, गुरुजी. झालं ते झालं. आता हा आला नागपूरहून."

"कुंताचा दोष नव्हता, अमर."

"मी कुठं दोष म्हणून राह्यलो? पण आता कसं बदलू?"

घसा खरवडून आणलेलं सत्य त्यानं असं बाजूला ठेवलं, मागवलेली नसलेली प्लेट ठेवतात तसं. डॉक्टरांना पत्र टाकलं आहे. पेपरालाही परवाच सगळं लिहून पाठवलं होतं, बाबांसकट. त्यांनी चार ओळी छापल्या : 'रिसॉर्टमध्ये हिरवी पंगत रंगली. नागभीड (वार्ताहर).'

२२ जानेवारी

टेम्पो गेला. तेवीस माणसं, एक शेळी, एक लोखंडी तवा.

आचल गेली नाही. वच्छलानं मला न विचारता जाऊन कुंताशी ठरवलं. परीक्षा होईपर्यंत पोरगी आमच्याकडे. पत्र्याची पेटी देवघराखाली ठेवली आहे. टेम्पो सुटताना कुंता वरून वच्छलाला म्हणाली, "बाई, पोरगी लाखोळी खाते बरं, सांगून ठेवते." माझ्याकडे पाहिलं नाही. मी हात हलवला, तो शेळीनं पाहिला.

संध्याकाळी वच्छलाला बाबांचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले माहीत आहे," म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षीच सासूबाईंनी सांगितलं. तुम्हाले सांगायचं नाही म्हणाल्या होत्या."

५ फेब्रुवारी

सकाळी वच्छलानं लाखोळीचे शेंडे आणले. शेवटचे, म्हणाली, फुलं झडून शेंगा धरल्या, आता पाला निबर होईल. या घरात ती पहिल्यांदाच शिजत होती. मी उठून ओसरीवर गेलो. वास मागोमाग आला.

अकराच्या सुमारास अमरची मोटारसायकल.

"गुरुजी, तुमचा तो त्रिपुट पाहिजे," तो बसता बसता म्हणाला. "पुण्याच्या मॅडमनं कंपनीच्या पुस्तकात आधीच लिहून टाकलं. पंचवीसला वीस जण येऊन राह्यले. डॉक्टर नाहीत त्यात, मी पाहिलं. फक्त दुसरं नाव द्या. चांगलं जुनं, कोणाले समजू नये असं."



त्यानं नाक वर केलं. "वहिनी काय शिजवून राह्यल्या? वास मस्त आहे."

आतून झाकणाचा आवाज आला. वच्छला ढवळत असेल, दुसरं काही नाही. पण माझ्या तोंडात तो जुना शब्द येऊन बसला, जिभेच्या टोकावर, अकरा वर्षांच्या पोराचा. पन्नाशीच्या माणसाला आपल्याच जिभेची इतकी शिसारी यावी.

"लाखोळी," मी म्हणालो.

"म्हणजे तेच?"

"तेच. हेच तिचं नाव. दुसरं माझ्याकडे नाही. आणि ती करणारी खम्मम जिल्ह्यात मिरची तोडते आहे, एप्रिलात येईल. तोवर पाला राहत नाही."

अमरनं मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवली. "मग कार्डावर काय लिहू?"

आतून, पुस्तकातून डोकं वर न काढता आचल म्हणाली, "लाखोळी लिवा ना. त्यात का अडलं?"

तो गेला. पंचवीसला पनीर होईल.

वच्छलानं दोन पाट मांडले होते, तिचा आणि आचलचा. माझ्यासाठी वेगळं वरण होतं. मी तिसरा पाट ओढला. आचलनं भाजी वाढली, बेतानं, परक्याला वाढावी तशी.

पहिला घास घशाशी आला. पाणी प्यायलो. दुसरा गेला. तिसऱ्याला वास नीट कळला : कापलेलं गवत, ओली टरफलं, मागे किंचित काहीतरी उग्र. भाग्यश्रीबाईंच्या पेल्यातला तोच. कुंतानं तो एका हुंगण्यात ओळखला होता. मीही ओळखला होता, डिसेंबरातच.

"आखीन देऊ, गुरुजी?" आचलनं विचारलं.

"दे."